अळ्यांचं डिझेल

ठाण्याच्या प्रदर्शनात आमचं इंजिन पंपावरच्या डिझेलवर चाललं. टाकीवर पाटी होती, 'अळ्यांपासून तयार केलेले इंधन', आणि ती पाटी माझ्या अक्षरातली होती. ती खोटी आहे हे तिथे तीनच माणसांना माहीत होतं. एक आमचे सर, दुसरी मी, आणि तिसरे आमचे फिटर काका. काकांना कुणी सांगितलं नव्हतं, पण इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभरात त्यांना कळलं. डिझेल टाकीत ओतलं होतं मी.

ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. त्याच्या लेखी मी त्या दिवशी ठाण्याला गेले, ट्रॉफी घेऊन आले आणि पुढच्या सोमवारी पर्मनंट झाले. त्याने पेढे आणलेले. मी एक खाल्ला.

मी डोंबिवलीची. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं, लग्न झालं, दोन मुली झाल्या आणि धाकटी शाळेत जायला लागल्यावर शीळफाट्याजवळच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागले. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा ब्रेक आणि मग नवीन पत्र. अशी नऊ पत्रं माझ्या कपाटात होती. दरवर्षी मी ऑफिसात विचारायचे, आणि दरवर्षी उत्तर यायचं, "पुढच्या वर्षी नक्की बघू." मग मी विचारणं सोडून दिलं. पण विचारणं सोडलं म्हणून वाट बघणं सुटत नाही.

फिटर काका वर्कशॉपमध्ये होते. कल्याणजवळ मोहन्याला राहायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथल्या कारखान्यात जनरेटरवर काढलेली. कारखान्याचं काम संपल्यावर आमच्याकडे आले, तेही करारावर. साठी उलटून गेली होती, तरी कॉलेजने त्यांना ठेवलेलं, कारण विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलचं ते एक सिलिंडरचं डिझेल इंजिन त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला लागायचं नाही. मला ते 'अगं पोरी' म्हणायचे. मी चाळिशी ओलांडलेली बाई, पण त्या हाकेचं मला कधी हसू आलं नाही.

सर आमचे विभागप्रमुख. हुशार माणूस, हे मी आजही म्हणते. बोलायला लागले की समोरच्याला वाटावं, आपणही काहीतरी मोठं करतोय. एकदा ते बेंगळुरूच्या कुठल्याशा परिषदेहून आले आणि थेट लॅबमध्ये मला विचारलं, "ताई, तुम्हाला किळस येते का?"

"कशाची सर?"

"अळ्यांची."

"रोज पालेभाजी निवडते की मी."

ते खूश झाले. मग त्यांनी खुर्ची ओढून सगळं समजावलं. एक काळी माशी असते, घरातल्या माशीसारखी घाण पसरवणारी नव्हे. तिच्या अळ्या सडकी भाजी, उरलेलं अन्न, काहीही खातात आणि दोन आठवड्यांत टम्म होतात. त्यांच्या अंगात चरबी भरपूर. ती चरबी काढायची, तिच्यावर मेथॅनॉलची प्रक्रिया करायची, की डिझेल इंजिनात चालणारं तेल तयार. "गावातला कचरा संपतो आणि इंधन मिळतं. ताई, तुम्ही माझ्याबरोबर असाल तर हे आपण करू. तुमचं नाव पहिलं असेल." तुमचं नाव पहिलं, हे ते जसं म्हणाले तसं अजून कानात आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यांनीही तेव्हा ते खरंच म्हटलं असेल.

कॉलेजच्या कुंपणाला लागून एका आजोबांचा गोठा होता. ही सगळी जमीन एकेकाळी त्यांच्या घराण्याची. भातशेती होती, पलीकडे खाडीकडे मिठागरात हिस्सा होता. आता तिथे टॉवर आणि आमचं कॉलेज. गुरं केव्हाच विकली होती, गोठा रिकामाच होता. सरांनी मागितला, आजोबांनी हसत दिला. मी पहिल्या दिवशी तिथे क्रेट लावत होते तेव्हा ते दारात उभे राहिले.

"काय बाय, काय पालतंस?"

"अळ्या."

"किरं? आनि त्यांचा काय करनार?"

"तेल काढणार. त्याच्यावर इंजिन चालवणार."

त्यांनी टोपी मागे सरकवली आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. "किरं खाऊन इंजान चालल? मंग आमचे कोंबऱ्या पन चालवशील तू." आणि हसत निघून गेले. पण रोज सकाळी येऊन बघून जायचे.

कल्याणच्या भाजी मार्केटमधून कॉलेजचा टेम्पो सडके टोमॅटो, कोबीचा पाला, नासलेल्या पपया आणून टाकायचा. कँटीनमधला उरलेला भात यायचा. सडलेला कोबी काय वास मारतो ते ज्याने उन्हाळ्यात अनुभवलंय त्यालाच ठाऊक. मी नाकाला ओढणी बांधून ते चिरून क्रेटमध्ये पसरायचे. पिंजरा आम्ही मच्छरदाणीचा केलेला. त्यात माश्या. ही माशी मोठी झाली की काही खातच नाही. आठवडाभर जगते, ऊन लागलं की जोड्या जमतात, पुठ्ठ्याच्या फटींत अंडी घालते आणि मरते. पुठ्ठ्याच्या फटीतली ती पिवळट अंडी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला कुणाला तरी दाखवावीशी वाटली. घरी फोटो दाखवला तर मोठी मुलगी म्हणाली, "आई, जेवताना नको ना."

चुका झाल्या. एकदा कँटीनमधलं सांबार मी तसंच क्रेटमध्ये ओतलं. ओल जास्त झाली आणि अळ्या रात्रीतून क्रेट सोडून निघाल्या. सकाळी मी पोचले तर आजोबा कमरेवर हात ठेवून उभे. "बाय, तुझी किरं माझे ओट्यावर आलीन." खरंच, भिंतीवर, ओट्यावर, तुळशीच्या कुंडीवर अळ्याच अळ्या. मी रडकुंडीला आले. आजोबांनी कोंबड्या सोडल्या. अर्ध्या तासात ओटा साफ. त्यानंतर ते स्वतःच मला सांगायला लागले, आज ओल जास्त वाटते, आज भुसा टाक.

अळ्या काळसर व्हायच्या आधी काढायच्या, गरम पाण्यातून काढून वाळवायच्या, भरडायच्या आणि मग तेल काढायचं. निघतं ते तेल म्हणजे पातळ झालेल्या डालड्यासारखं. थंडीत थिजतं. त्यावर आधी अ‍ॅसिडची प्रक्रिया, मग कॉस्टिक पोटॅश विरघळवलेलं मेथॅनॉल घालून ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. खाली ग्लिसरीनचा चॉकलेटी थर बसतो, वर सोनेरी तेल राहतं. पण त्या सोनेरी तेलात साबण असतो, तो कोमट पाण्याने धुवून काढावा लागतो. धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा.

पहिल्या वेळी मी ते दोनदाच धुतलं. दुसरं पाणी गढूळच आलेलं, मला दिसत होतं. पण धाकटीची शाळेत काहीतरी मीटिंग होती, आणि मला वाटलं, एवढ्याने काय होणार. दुसऱ्या दिवशी सरांनी प्राचार्यांना इंजिन बघायला बोलावलं. मला आधी सांगितलं नव्हतं. इंजिन सुरू झालं, दहा मिनिटं चाललं, मग गुरगुरलं आणि बंद पडलं. प्राचार्य "छान प्रयत्न" म्हणून निघून गेले. काकांनी फिल्टर खोलला. आत लोण्यासारखा लगदा.

"अगं पोरी, साबण पाजलास की इंजिनाला."

मी कबूल केलं. काका हसले, पण सर हसले नाहीत. "माझी लाज गेली, ताई," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या मनात काहीतरी बसलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, आणि त्यातला तो वाटा माझा आहे. हे मी टाळत नाही.

नंतरचं तेल मी सात वेळा धुतलं. पाणी काचेसारखं आलं तरी आठव्यांदा धुतलं. काकांनी इंजिनाचा रबरी पाइप बदलून टाकला. म्हणाले, हे तेल रबराला फुगवतं, मी बोट लावून बघितलंय. आम्ही दोघांनीच सुरू केलं, कुणालाही न बोलावता. काकांनी हँडल मारलं. इंजिन लागलं. आवाज साध्या डिझेलपेक्षा थोडा मऊ होता, निदान काकांचं तसं म्हणणं होतं. आणि सायलेन्सरमधून वास आला तो पापड तळल्याचा. अगदी तसाच. सगळ्या वर्कशॉपभर.

काकांनी खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरपुढे धरला. डिझेलवर चालताना त्या रुमालावर काळा डाग पडायचा. आता नुसता पिवळट. त्यांनी तो रुमाल माझ्यापुढे धरला. डोळ्यांत पाणी होतं, धुरामुळे म्हणा हवं तर. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी इंजिनाला एकच पाजत आलो. जमिनीतलं. आज पहिल्यांदा दुसरं काही पिताना बघतोय."

अडीच तास चाललं ते. काका दर थोड्या वेळाने वहीत आकडे लिहीत होते, त्यांच्या तिरक्या अक्षरात. तेल डिझेलपेक्षा थोडं जास्त लागत होतं, तेही त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, "काका, हे कमी नाही का करता येणार?" म्हणाले, "जे आहे ते आहे. इंजिनाची भूक लपवून काय करतेस?"

त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. सरांनी प्रत्येक वेळी दारातून बघितलं, पण आत येऊन बसले नाहीत.

मग ठाण्याचं प्रदर्शन आलं. वेगवेगळ्या कॉलेजांचे प्रकल्प, बक्षिसं, आणि बघायला मोठे साहेब येणार. इंजिन टेम्पोत चढवायचं, तिथे एका सभागृहाच्या अंगणात मांडायचं. काकांचा उत्साह बघण्यासारखा होता. आठवडाभर त्यांनी इंजिन पुसलं, रंगवलं. मोहन्याच्या त्यांच्या जुन्या सोबत्यांना त्यांनी निमंत्रण दिलेलं. चार म्हातारी माणसं, कधीकाळी एकाच शिफ्टला काम केलेली. "त्यांना सांगितलंय मी, इंजिन पापडासारखं वास मारतं. कुणी विश्वास ठेवत नाही. येऊन बघा म्हटलं."

जानेवारीची सकाळ होती. ठाण्यात पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात आलेलं नव्हतं. काका गेटवर सोबत्यांना आणायला गेले. मी कॅन उघडला. पाच लिटरचा पांढरा कॅन, आठ वेळा धुतलेलं तेल. गारव्याने तेल किंचित धुरकट दिसत होतं. खोबरेल थंडीत जसं होतं तसं, पण फार कमी. मला काळजी वाटली नाही. ऊन आलं की स्वच्छ होणार हे मला माहीत होतं.

सर मागून आले.

"हे काय? धुरकट का दिसतंय?"

"गारव्यामुळे सर. उन्हात ठेवते, पाच-दहा मिनिटांत साफ होईल."

त्यांनी कॅन उचलून तिरका केला, पुन्हा बघितलं. "मागच्या वेळेसारखं झालं तर?"

"नाही होणार. मी आठ वेळा धुतलंय. आणि त्यानंतर किती वेळा चालवलं आपण."

"आपण वर्कशॉपमध्ये चालवलं. इथे साहेब येणार आहेत, सगळे पेपरवाले येणार आहेत." ते हळू आवाजात बोलत होते. रागावलेले नव्हते. "टेम्पोच्या मागे दुसरा कॅन आहे. मी येताना पंपावर भरून घेतला. तो ओता."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. येताना म्हणजे सकाळी निघतानाच. धुरकट दिसायच्या आधीच.

"आणि पाटी?"

"पाटी राहू दे. आपण काय खोटं बोलतोय का? चालतं ते तेलावर, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. फक्त आज चालवायचं नाही."

"काकांना सांगू?"

"काकांना काही सांगायचं नाही. म्हातारा माणूस, तोंडाने फटकळ."

मी उभी राहिले. खरं सांगते, मी नाही म्हणणार होते. तोंडात शब्द आलेला. तेव्हा सर म्हणाले, "ताई, तुमच्या फाइलवर सोमवारी सही होतेय. मी स्वतः बोललोय वर." धमकी नव्हती ती. चांगली बातमी द्यावी तसं म्हणाले, खांद्यावर हलकेच थाप मारून. मी पुष्कळदा विचार करते, त्यांनी धमकी दिली असती तर कदाचित मी ऐकलं नसतं.

मी टेम्पोमागून कॅन आणला आणि ओतला. एक थेंब बाहेर सांडला, तो मी ओढणीने पुसला. आमचा पांढरा कॅन मी टेबलाखाली ठेवला. साडेदहाला ऊन टेबलापर्यंत आलं. मी वाकून बघितलं, तर तेल मधासारखं नितळ. पाहुणे यायला अजून अर्धा तास होता. टाकी उघडून डिझेल काढून टाकायला दहा मिनिटं लागली असती. मी ती दहा मिनिटं टेबलावरचा कागद सरळ करण्यात घालवली.

साहेब आले, हार झाले, फोटो झाले. काकांचे चार सोबती पुढच्या ओळीत, इस्त्रीचे शर्ट घातलेले. एकाने मफलर काढून खिशात कोंबला, इंजिनाचा वास नीट यावा म्हणून. काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि हँडल मारलं.

इंजिन लागलं. काकांनी कान दिला. मग सायलेन्सरकडे गेले, वाकले, वास घेतला. पुन्हा घेतला. मग टाकीकडे बघितलं, मग पाटीकडे, आणि मग माझ्याकडे. मी पाटीकडे बघत राहिले.

साहेब म्हणाले, "मला वाटलं, कसलातरी घाण वास येईल. काहीच नाही."

"हेच तर यश आहे साहेब," सर म्हणाले. टाळ्या पडल्या. किती तेल लागलं ते सरांनी सगळ्यांसमोर मोजून लिहून घेतलं.

काकांच्या सोबत्यांतला एकजण मोठ्याने म्हणाला, "काय रे, तू तर म्हणालेलास पापड तळल्यासारखा वास येतो. हा तर साधा डिझेलचा धूर." बाकीचे हसले. सर थबकले. साहेबांच्या मागचा एक पेपरवाला वळून बघायला लागला.

काकांनी हातातलं हँडल खाली ठेवलं. मग म्हणाले, "आज वारा उलटा आहे. नाहीतर येतो."

अंगणात वारा नव्हता. बॅनरची कडसुद्धा हलत नव्हती. काकांनी आपल्या चार जुन्या सोबत्यांसमोर खोटं बोलून माझी लाज राखली. मी त्याच्या बदल्यात त्यांना काहीच देऊ शकले नाही. तिथेच ओरडून सांगितलं असतं तर त्यांची तरी लाज राहिली असती. मी तेवढंही केलं नाही.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. परत येताना काका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. मागे मी आणि इंजिन. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सर, साहेब, ट्रॉफी, आणि कडेला एक कोपर, माझं. बातमीत नाव एकट्या सरांचं.

सोमवारी सही झाली. सरांनी शब्द पाळला, तेही मी लिहून ठेवते. मी पर्मनंट झाले, आणि पुढच्याच महिन्यात काकांचं नवं पत्र निघालं नाही. प्रकल्पाचं काम पूर्ण झालंय, आता तरुण माणूस घेऊ, असं ठरलं म्हणे. काकांनी ऑफिसात एक शब्द विचारला नाही. शेवटच्या दिवशी ते लॅबमध्ये आले, वर्कशॉपच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "मॅडम, या तुमच्याकडे असू द्या. तो नवीन पाइप खालच्या कप्प्यात आहे." मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "काका, चहा..." पण ते वळलेले होते.

गोठाही बंद झाला. सर म्हणाले, "आता त्याची गरज नाही, आणि नवीन टॉवरवाले वासाच्या तक्रारी करतायत." मी एकटीने क्रेट रिकामे केले. आजोबा दारात आले. या वेळी हसले नाहीत. "मंग? चालला नाय का तुझा इंजान?"

"चाललं आजोबा. बक्षीस मिळालं."

"मंग बंद का करतंस?"

मी पुढचा क्रेट उपडा केला. उरलेल्या अळ्या त्यांनी कोंबड्यांना घातल्या. पिंजऱ्यातल्या माश्या मी सोडून दिल्या. त्या फार लांब उडाल्या नाहीत, कुंपणावरच बसून राहिल्या.

वर्षअखेर सरांनी अहवाल लिहायला काढला आणि टाइप करायला माझ्याकडे दिला. आकड्यांच्या तक्त्यात काकांच्या वहीतले आकडे नव्हते. ठाण्याच्या दिवशीचे होते. पंपावरच्या डिझेलचे. साहजिकच चांगले होते, तेल कमी लागलेलं दिसत होतं. मी सरांना म्हटलं, "सर, हे आकडे त्या दिवशीचे आहेत." ते म्हणाले, "हो, सगळ्यांसमोर घेतलेले. साक्षीदार आहेत." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, हा माणूस विसरलाय. खरंच विसरलाय. मी टाइप केलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या.

त्यानंतर एका रविवारी मी मोहन्याला गेले. कल्याण स्टेशनवरून रिक्षा केली. काकांचं घर दोन खोल्यांचं, जुन्या चाळीत. त्यांच्या बायकोने दार उघडलं, मला ओळखलं नाही. काका जमिनीवर बसून कुणाचा तरी मिक्सर उघडत होते. मला बघून त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही.

मी सगळं सांगितलं. धुरकट तेल, दुसरा कॅन, सोमवारची सही. घोकून आलेले तसं सलग बोलले. काका ऐकत स्क्रू काढत होते. शेवटी म्हणाले, "गारव्याने धुरकट झालेलं?"

"हो. नंतर साफ झालं. आपण चालवलं असतं तर चाललं असतं."

"ते मला माहीत आहे." त्यांनी आणखी एक स्क्रू काढून बाजूला ठेवला. "मला हाक मारायची होतीस. मी तो कॅन पोटाशी धरून उन्हात बसलो असतो."

मी रडायला लागले. त्यांची बायको आतून डोकावली आणि परत आत गेली.

"काका, माझी नोकरी होती त्यात."

"माझीही होती." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या जागी मी असतो तर मीही ओतलं असतं कदाचित. सांगता येत नाही. पण तुला सांगून ओतलं असतं. मी चार माणसं बोलावली होती गं."

चहा आला. मी प्यायले. काका मिक्सरमध्ये डोकं घालून बसले होते. निघताना मी पाया पडले, त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही. परत ये म्हणाले नाहीत. मी गेले नाही.

सर आता प्राचार्य आहेत. त्यांच्या केबिनबाहेर ती ट्रॉफी काचेच्या कपाटात आहे आणि खाली अहवालाचं पहिलं पान फ्रेम करून लावलंय. मी रोज तिथून जाते. कॉलेजचा फोन माझ्या टेबलावर असतो, आणि गेल्या वर्षी एका दुपारी तो वाजला. एक मुलगी होती, नाशिककडच्या कुठल्यातरी कॉलेजात संशोधन करणारी. आमचा अहवाल वाचून तिनेही अळ्या पाळलेल्या, तेल काढलेलं, इंजिन चालवलेलं.

"मॅडम, आमचं इंजिन व्यवस्थित चालतं. पण तेल तुमच्यापेक्षा जास्त लागतं. तीन वेळा करून बघितलं. माझे गाइड म्हणतात, माझंच काहीतरी चुकतंय. आमचं कुठे चुकत असेल?"

मी तिला विचारलं, "किती जास्त लागतं?" तिने सांगितलं. काकांच्या वहीतला आकडा मला पाठ आहे. जवळपास तोच होता.

मी म्हटलं, "सरांना विचारून सांगते."

तिने नंबर दिला, मी लिहून घेतला. तिने नंतर दोनदा फोन केला. पहिल्यांदा मी सांगितलं, सर बाहेरगावी आहेत. दुसऱ्यांदा फोनवर तिचा नंबर दिसला तेव्हा मी उचललाच नाही. मग तिने करणं बंद केलं.